अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब

लेझर करून चष्मा घालवला. पुढच्या तपासणीत डोळ्याचं प्रेशरही मस्त आलं. पण ते मोजणारं यंत्र ज्यानं बनवलं, त्याच्या हिशोबात तुमचा लेझर केलेला डोळा नव्हताच! हान्स गोल्डमन या माणसाची ही गोष्ट.

सुरगाण्याचा एक मित्र आहे. भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला उठून बोरगावच्या रस्त्यानं पळायचं, मग लायब्ररी, संध्याकाळी पुन्हा मैदान. अडचण एकच, चष्मा. नंबर उणे पाच. पळताना चष्मा घामानं नाकावरून घसरायचा, आणि पावसाळ्यात तर सुरगाण्याचा पाऊस काय असतो ते तिकडच्यांनाच विचारा. घरात स्ट्रॉबेरीचे पैसे आले त्या वर्षी त्यानं नाशिकला जाऊन लेझर करून घेतलं. (प्रत्येक भरतीचा लेझरबाबतचा नियम वेगळा असतो. जाहिरात नीट वाचल्याशिवाय कुणी हे करू नका, हे जाता जाता.)

दोन वर्षांनी तो सहज तपासणीला गेला. पिवळ्या औषधाचा थेंब, हनुवटी टेकवायची, समोर निळा उजेड, बुबुळाला काहीतरी हलकेच टेकलं. प्रेशर १३. तो खूश. डॉक्टर मात्र खूश दिसेनात. त्यांनी विचारलं, ऑपरेशनच्या आधीची फाइल कुठे आहे? याच्याकडे फाइल नव्हती. रात्री फोनवर माझ्याजवळ चिडचिड करत होता. यंत्र सांगतंय सगळं नॉर्मल आहे, मग जुने कागद कशाला पाहिजेत?

प्रश्न मलाही पडला. शोधत गेलो आणि पोचलो थेट स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात, १९९१ मध्ये वारलेल्या एका डोळ्याच्या डॉक्टरपाशी. त्याचं नाव आजही जगभरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांत रोज घेतलं जातं. फक्त तिथे ते माणसाचं नाव राहिलेलं नाही, यंत्राचं झालंय.

हान्स गोल्डमनचा जन्म १८९९ चा. गावाचं नाव कोमोटाउ. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. १९१८ मध्ये पहिलं महायुद्ध संपलं, साम्राज्य कोसळलं आणि गाव चेकोस्लोव्हाकियात गेलं. म्हणजे घर न बदलता देश बदलला. पुढे १९३८ मध्ये हिटलरनं तो पट्टा गिळला आणि १९४५ नंतर तिथल्या जर्मन बोलणाऱ्यांना हाकलून देण्यात आलं. आज त्या गावाला खोमुतोव म्हणतात. गोल्डमन मात्र या सगळ्याच्या आधीच बाहेर पडला होता. प्रागच्या जर्मन विद्यापीठातून १९२३ मध्ये तो डॉक्टर झाला आणि पुढच्याच वर्षी बर्नला आला, ऑगस्ट झिगरिस्ट या प्राध्यापकांच्या हाताखाली. पंचविशीतला परका पोरगा. बर्न काही त्यानं नंतर सोडलं नाही. १९३५ मध्ये तो त्याच नेत्ररुग्णालयाचा प्रमुख झाला आणि १९६८ पर्यंत त्या खुर्चीवर राहिला.

तेहेतीस वर्षं एका खुर्चीवर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट प्रकारचे साहेब येतात. हा तसा नव्हता. डॉक्टर होता, पण डोकं फिजिक्सवाल्याचं. डोळ्यात काय बिघडलंय यावर तो थांबायचा नाही. ते नेमकं कसं मोजायचं, हा त्याचा खरा प्रश्न असायचा.

सुरुवातीचा त्याचा एक विषय बघा. काचेच्या भट्टीवर काम करणाऱ्या माणसांना लवकर मोतीबिंदू व्हायचा. का? झुरिचचे आल्फ्रेड फोग्ट म्हणजे त्या काळातलं फार मोठं नाव. त्यांचं मत होतं की भट्टीचे उष्ण किरण थेट डोळ्यातल्या भिंगाला खराब करतात. गोल्डमननं उष्णतेचा हिशोब मांडला आणि वेगळंच सांगितलं. किरण आधी भिंगापुढचा रंगीत पडदा शोषून घेतो, तो तापतो आणि मागच्या भिंगाला चटका देतो. नव्या माणसानं एवढ्या मोठ्या नावाला आकड्यांनी उत्तर द्यायचं म्हणजे सोपं नव्हतं. वाद बराच चालला.

मग त्यानं यंत्रांकडे मोर्चा वळवला. बर्नमध्येच हाग-श्ट्राइट नावाची कंपनी होती, १८५८ पासूनची, बारीक अचूक उपकरणं बनवणारी. दवाखाना आणि वर्कशॉप एकाच गावात. गोल्डमनला आणखी काय पाहिजे!

डोळ्याच्या डॉक्टरकडे हनुवटी टेकवून बसतो ते यंत्र, स्लिट लॅम्प, आधीपासून होतं. स्वीडनच्या गुलस्ट्रांडनं ते १९११ मध्ये आणलं होतं. पण दिवा एकीकडे हलवायचा, सूक्ष्मदर्शक दुसरीकडे, असा वैताग असायचा. गोल्डमननं दोन्ही एकाच आसावर बसवले. उजेड जिथे पडेल तिथेच नजर जाणार. १९३० च्या दशकातली ही रचना. आज नाशिकला काय, न्यूयॉर्कला काय, ज्या स्लिट लॅम्पपुढे आपण बसतो त्याचा सांगाडा मुळात हाच आहे.

१९४५ मध्ये आणखी एक यंत्र आलं. आतून पांढरा असा एक मोठा अर्धगोल वाडगा. त्यात डोकं ठेवून समोर बघायचं आणि कडेला कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. कडेची नजर किती शाबूत आहे याचा यातून नकाशाच तयार होतो. हे यंत्र त्यानं काढलं त्यामागे एक आजार होता, ज्यानं त्याला आयुष्यभर छळलं. काचबिंदू.

काचबिंदू हा फार लबाड आजार आहे. बहुतेकांना दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं वाचता येतं. नजर कडेकडून खात खात तो आत येतो. माणसाला कळतं तेव्हा डोळ्यामागची नस बरीचशी गेलेली असते, आणि गेलेली नस परत येत नाही. आपल्या हातात असतं ते डोळ्याचं प्रेशर वेळेवर ओळखणं आणि कमी करणं.

हे प्रेशर येतं कुठून? डोळ्यात सतत एक पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर पडतं. हे अश्रूंचं पाणी नव्हे, आतलं. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे औषधाच्या एका थेंबाएवढं जमायला वीसेक मिनिटं. नळ चालू आणि मोरीचं भोक तुंबलं तर काय होईल, तेच इथे. गोल्डमननं एक पिवळं-हिरवं चमकणारं औषध वापरून हे पाणी कसं वाहतं ते मोजलं आणि समीकरणात बसवलं. पाणी किती वेगानं येतं, बाहेर किती सहज पडतं आणि ते ज्या शिरांत जातं तिथला दाब किती, यावरून डोळ्यातलं प्रेशर. ते समीकरण त्याच्याच नावानं आजही पोरं पाठ करतात.

पण समीकरणात घालायला प्रेशर मोजता तर आलं पाहिजे! जिवंत माणसाच्या डोळ्यात सुई घालून रोज कोण मोजणार? तेव्हा चलती होती नॉर्वेच्या श्योट्सच्या १९०५ सालच्या उपकरणाची. आपल्याकडच्या नेत्रशिबिरांतही ते कित्येक वर्षं चाललं. माणसाला आडवं झोपवायचं, डोळा बधिर करायचा आणि वजन लावलेली दांडी बुबुळावर ठेवून किती खड्डा पडतो ते बघायचं. घोळ असा, की खड्डा पाडताना आतलं पाणी बाजूला ढकललं जातं आणि मोजता मोजता प्रेशर वाढतं. किती वाढतं, ते डोळ्याच्या भिंती किती कडक त्यावर. मोठ्या मायनस नंबरवाल्यांचे डोळे मऊ असतात, त्यांचं प्रेशर असायचं त्यापेक्षा कमी दिसायचं. अशा डोळ्यातला काचबिंदू हातातून सहज निसटायचा.

गोल्डमनला हे सहन होणं शक्यच नव्हतं. खड्डा पाडायचाच नाही, नुसतं सपाट करायचं, असं त्यानं ठरवलं. ही कल्पनाही जुनी. रशियात मक्लाकोवनं १८८५ मध्येच सपाट करून मोजायचा प्रयोग केला होता. त्यामागचा नियम साधा आहे. सायकलची ट्यूब अंगठ्यानं दाबा. जेवढा भाग सपाट झाला आणि जेवढा जोर लागला, त्यावरून आतली हवा किती ते कळतं. पण हा नियम खरा ठरायला ट्यूबचं रबर अगदी पातळ, अगदी लवचीक आणि कोरडं पाहिजे. आपला कॉर्निया, म्हणजे डोळ्यासमोरची पारदर्शक काच, यातलं काहीच नाही. त्याला जाडी आहे, तो थोडा ताठ आहे, वर अश्रूंचा ओलावा आहे.

आता या माणसाची खरी करामत. कॉर्नियाचा ताठपणा टोकाला उलटं ढकलतो, त्यामुळे आकडा थोडा जास्त येतो. अश्रूंचा थर टोकाला स्वतःकडे ओढतो, त्यामुळे आकडा थोडा कमी येतो. दोन चुका, दोन विरुद्ध दिशांना. गोल्डमननं शोधलं की सपाट केलेल्या गोलाचा व्यास ३.०६ मिलिमीटर ठेवला तर या दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. आणि तेवढ्याच आकारावर एक ग्रॅम जोर म्हणजे पाऱ्याचे बरोबर १० मिलिमीटर. हिशोब तोंडी! डॉक्टरला निळ्या उजेडात दोन हिरवे अर्धगोल दिसतात. चक्री फिरवत त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकवायच्या आणि आकडा वाचायचा. आतलं पाणी अर्धा मायक्रोलिटरच्या आसपास हलतं, म्हणजे मोजण्यामुळे प्रेशर जेमतेम बदलतं. १९५४ च्या सुमारास हे यंत्र आलं आणि १९५७ मध्ये थिओडोर श्मिट या सहकाऱ्याबरोबर त्यानं त्यावरचा मोठा निबंध छापला. श्योट्सचं उपकरण मागे पडत गेलं. डोळ्याचं प्रेशर म्हणजे गोल्डमनचा आकडा, असं ठरून गेलं. १० ते २१ च्या मधलं नॉर्मल, हे आपण ऐकतो ते याच मोजपट्टीवरचं.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट या निबंधातच आहे. दोन चुका एकमेकींना खातात हे खरं, पण कधी? कॉर्निया मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असेल तेव्हा. हे गृहीतक गोल्डमन आणि श्मिटनं लपवलं नाही. जाडी फार वेगळी असेल तर आकडा चुकू शकतो, हे त्यांनी सरळ लिहून ठेवलं. फक्त निरोगी माणसांत जाडी फारशी बदलत नाही, असा त्यांचा समज होता. एवढ्या अचूक यंत्राच्या कर्त्यानं स्वतःच्याच यंत्राची कच्ची जागा स्वतः दाखवली. आपण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये चुकीचं रीडिंग खोडून बरोबर करतो, त्याची आठवण आली आणि जरा लाजच वाटली.

लोकांनी यंत्र घेतलं आणि ती ओळ विसरून गेले.

१९७५ मध्ये डेन्मार्कच्या नील्स एलर्सनी ऑपरेशनच्या टेबलावर थेट डोळ्याच्या आत दाब मोजून गोल्डमनच्या आकड्याशी ताडून पाहिला. जाडी ५२० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर असेल तर दोन्ही छान जुळत होते. पातळ कॉर्नियावर गोल्डमनचा आकडा खऱ्यापेक्षा कमी यायचा, जाडवर जास्त. तोवर गोल्डमन निवृत्त होता. त्याचा विद्यार्थी फ्रांत्स फांकहाउझर त्या पांढऱ्या वाडग्याला कॉम्प्युटर जोडण्याच्या मागे लागला होता.

आणि दुसरीकडे एक वेगळीच गाडी सुटली होती. चष्म्याचा नंबर काढायचा तर कॉर्नियाचाच आकार बदलायचा, या नादानं बोगोटातल्या होझे बाराकेरनी १९४९ पासून काम सुरू केलं होतं. १९८८ मध्ये अमेरिकेत मार्गरीट मॅक्डोनल्ड यांनी दिसणाऱ्या डोळ्यावर एक्सायमर लेझर वापरला. १९९० च्या सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावर पालिकारिस यांनी आधी कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलायचा, खाली लेझर मारायचा आणि पापुद्रा परत ठेवायचा, ही पद्धत आणली. तेच आपलं लॅसिक. १९९१ मध्ये, नव्वदी ओलांडून, गोल्डमन गेला. त्यानंतर जगभर लाखो तरुण डोळ्यांचा अर्धा मिलिमीटर मुद्दाम कमी केला जाणार होता.

आमच्या मित्राचाच हिशोब करू. नेहमीच्या सहा मिलिमीटर रुंदीच्या लेझरमध्ये एका नंबरमागे ढोबळमानानं १२ मायक्रॉन काच जाते. उणे पाच नंबर, म्हणजे ६० च्या आसपास. शिवाय उचलून ठेवलेला पापुद्रा आधीसारखा जोर पेलत नाही. थोडक्यात, काच पातळ झाली आणि मऊही झाली. पापुद्रा न उचलता केलेल्या लेझरमध्येही काच जातेच. आता गोल्डमनचं टोक टेकवलं तर उलटं ढकलणारा ताठपणा कमी आणि अश्रूंची ओढ मात्र तेवढीच. आकडा खाली येणार. आतलं प्रेशर तसूभरही कमी न होता! हवेचा फुसकारा मारून मोजणारी यंत्रंही याच कारणानं फसतात.

त्यात आपली आणखी एक गंमत. २००६ नंतर नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर लोकांचे डोळे तपासले गेले, त्यात कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली. पाश्चात्त्य देशांत ती साधारण ५४० च्या घरात असते. म्हणजे आपली मोजपट्टी मुळातच थोडी कमी दाखवणारी, त्यावर लेझर. आणि मायनस नंबरवाल्यांना काचबिंदूचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. लेझरनं चष्मा जातो, तो धोका जात नाही. डोळा आतून तोच राहतो.

खरी भीती स्टेरॉइडच्या थेंबांची आहे. लेझरनंतर काही दिवस ते देतातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठीक आहे. पण काहींच्या डोळ्यात त्यानं प्रेशर चढतं. कधी त्या चढलेल्या प्रेशरमुळे पापुद्र्याखाली पाणी साचतं आणि गोल्डमनचं टोक त्या पाण्याच्या उशीवर टेकतं. आत प्रेशर भयंकर आणि आकडा अगदी गरीब. नस चाललेली असते आणि कागदावर सगळं झकास. द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेली पोरं धुळीनं डोळे चुरचुरले की मेडिकलमधून कुठलेही थेंब आणून महिनोन्महिने घालतात, हे मी स्वतः पाहिलंय. त्या बाटलीत स्टेरॉइड आहे की नाही, कुणी वाचतं का?

मग उपाय काय? गोल्डमनच्याच देशात, झुरिचला, नवं टोक तयार झालं. ते कॉर्नियाला सपाट करत नाही, त्याच्या गोलाईला बसेल असंच ते खोलगट असतं आणि मध्ये दाब जाणणारा सेन्सर. जाडीवर ते बरंच कमी अवलंबून असतं. दुसरं एक यंत्र हवेच्या झोतानं कॉर्निया आत दबताना आणि परत येताना कसा वागतो ते बघून हिशोब लावतं. ही यंत्रं सगळीकडे नसतात. जाडीवरून आकड्यात बेरीज करायची सूत्रंही आहेत, पण एका माणसाच्या डोळ्याला ती बसतीलच असं नाही, म्हणून त्यावर विसंबत नाहीत. चांगले डॉक्टर मग नस बघतात, तिचे फोटो वर्षावर्षानं ताडतात, कडेच्या नजरेचा नकाशा काढतात. म्हणजे पुन्हा गोल्डमनचा तो पांढरा वाडगा, आता कॉम्प्युटरवाला.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ऑपरेशनच्या आधीचे दोन आकडे. तेव्हाचं प्रेशर आणि तेव्हाची जाडी. लेझरच्या आधी हे मोजलेलं असतंच. नंतर ते पुन्हा कधीच मोजता येत नाहीत, कारण तो कॉर्निया आता अस्तित्वातच नसतो. डॉक्टर फाइल मागत होते ती यासाठी. नव्या डॉक्टरला तर समोर बसलेल्या बिनचष्म्याच्या पोराचं लेझर झालंय हेही आपण सांगितल्याशिवाय पटकन कळत नाही.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. त्यानं ऐकलं आणि गप्प बसला. मग हळूच म्हणाला की आजोबांची नजर शेवटी पूर्ण गेली होती. सगळे मोतीबिंदूच समजत होते. कुणी कधी प्रेशर मोजलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो सुरगाण्याला गेला. फाइल पत्र्याच्या पेटीत सापडली, रेशन कार्ड आणि जातीच्या दाखल्याच्या खाली. एका कोपऱ्याला पावसाचं पाणी लागून शाई पसरली होती, पण पहिलं पान वाचता येत होतं. उजव्या डोळ्याचं प्रेशर १९, डाव्याचं १८. जाडी ५२२ आणि ५२५. त्यानं फोटो काढून मला पाठवला आणि सोमवारी पहिल्या एसटीनं वणी-दिंडोरीमार्गे नाशिक गाठलं. डॉक्टरांनी तो कागद झेरॉक्स करून नव्या फाइलला लावला, नसेचा फोटो काढला आणि नजरेच्या नकाशासाठी पुढच्या आठवड्याची तारीख दिली.